‘रुपयांत भरा’ असं दिसलं की आधी दर तपासा

परदेशी साइटवर कार्डाने पैसे भरताना युरो-डॉलरऐवजी थेट रुपयांचा आकडा दिसू लागला, तर हुरळून जाऊ नका. मालवणातल्या आम्हा स्कूबावाल्यांपैकी निदान तिघांना याच सोयीने चुना लावलाय. माझा हिशेब पावत्यांसकट हाताशी आहे, म्हणून तोच मांडतो.

पावसाळ्यात आमचा धंदा बंद, तेव्हाच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी पोचवणारं यंत्र) उघडून सर्व्हिसिंग होतं. त्याचे ओ-रिंग, डायफ्रॅम, सगळी किट युरोपातल्या एका दुकानातून मागवली. बिल 400 युरो. कस्टम ड्यूटीचं रडगाणं वेगळंच, ते आज नको. पैसे भरायच्या पानावर मात्र ठळक अक्षरांत 38,200 रुपये, शेजारी ‘हमखास दर’ अशी शेखी, आणि हिरवं बटण. त्याखाली फिक्या राखाडी अक्षरांत, बोटाला सापडणार नाही अशी एक ओळ: युरोत भरा. शेजारी बसलेला आमचा पोरगा म्हणाला, “काका, रुपयांतच भरा, मगे कटकट नको.” कोणीही तेच म्हणेल. पानाची मांडणीच त्यासाठी केलेली असते.

त्या दिवशी कार्ड नेटवर्कच्या (म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंच्या) दराने युरो साधारण 90 रुपयांना होता. म्हणजे 36,000. दुकानाच्या पेमेंट कंपनीने लावला साडेपंच्याण्णव. वरचे 2,200 रुपये कुठल्या सेवेचे? कसल्याच नाहीत. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. दर ठरवतो दुकानदाराचा पेमेंटवाला, आणि वरकमाईत बऱ्याचदा दुकानदाराचाही वाटा असतो.

इथवर ठीक, निदान बँकेचा फॉरेक्स मार्कअप (परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) तरी वाचला असेल, असं वाटतं ना? स्टेटमेंट आलं तेव्हा खरेदीच्या खाली दोन बारक्या ओळी होत्या: डीसीसी मार्कअप 382 रुपये, त्यावर जीएसटी 69 रुपये. दुकान परदेशात असेल तर व्यवहार रुपयांत झाला तरी आपल्याकडच्या बऱ्याच बँका साधारण एक टक्का घेतात, वर 18 टक्के जीएसटी. एकूण गेले 38,651. युरोत भरलं असतं तर माझ्या कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप आणि जीएसटी धरून 37,487 झाले असते. दोन टक्केवालं कार्ड असतं तर 36,850. बाराशे रुपयांनी कोणी बुडत नाही, पण हंगामात अशी चार-पाच बिलं होतात.

दुकानाला लिहिलं की व्यवहार रद्द करा, मी युरोत भरतो. उत्तर आलं की परतावा त्यांच्या त्या दिवसाच्या दराने होईल. म्हणजे जाताना एक दर, येताना दुसरा, आणि बँकेची फी बहुधा परत येतच नाही. नाद सोडला.

बँकेतल्या बाईंनी मात्र नीट समजावलं. नेटवर्कच्या नियमांनुसार चलन निवडायची मुभा ग्राहकाला द्यावीच लागते, दरही दाखवावा लागतो. न विचारता परस्पर रुपये लावले असतील तर ‘चुकीचं चलन’ म्हणून बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे व्यवहारावर हरकत, टाकता येतो. माझ्या पानावर ती राखाडी ओळ होती, म्हणून माझी केस उभीच राहिली नाही. नियमात बसवलेली असली तरी मी याला लबाडीच म्हणणार.

आता आम्ही बटण दाबण्याआधी व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या साइटवरच्या कॅल्क्युलेटरवर त्या दिवसाचा दर बघतो. अंतिम दर बऱ्याचदा व्यवहार पुढे बँकेकडे पोचतो त्या दिवसाचा लागतो, त्यामुळे थोडा फरक पडू शकतो, पण सहा टक्क्यांची चोरी लगेच दिसते. मग दुकानाचंच चलन निवडायचं आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढायचा. एखादी साइट निवड करूच देत नसेल, तर तो स्क्रीनशॉट घेऊन थेट बँकेत लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. त्याला फी नाही.