साडेसात डॉलरचा मार्शल

टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं 1975 सालचं बेसबॉल कार्ड, क्रमांक 6. मागच्या महिन्यात ऑनलाइन मागवलं, पोस्टेज धरून साडेसात डॉलर. विकणाऱ्याने 'नियर मिंट', म्हणजे जवळपास नव्यासारखं, असं लिहिलं होतं. पाकीट फोडलं तर वरचा डावा कोपरा शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा पिंजलेला आणि छपाई सरकलेली, डावीकडची किनार जाड, उजवीकडची नखाएवढी. फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, "इतक्या जुन्या कार्डाला एवढं चालायचंच." दोन डॉलर परत मिळाले.

तरीही पाचपैकी चार स्टार देतोय. कार्डावर माइक मार्शल आहे आणि 1974 साली त्याने 106 सामन्यांत पिचिंग (बेसबॉलमधली बॉलिंग) केलं म्हणूनच हे कार्ड निघालं.

मोसमात सामने 162. सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की चार दिवस आराम करतो, वर्षाकाठी तीस-पस्तीस सामने होतात त्याचे. मार्शल रिलीव्हर, म्हणजे सामना फसला की हाक मारायचा माणूस. त्याच्या संघाने, लॉस एंजेलिस डॉजर्सनी, त्याला हाका मारमारून 208 इनिंग्ज (एका सामन्यात साधारण नऊ असतात) टाकून घेतल्या. मधे एकदा तर सलग 13 सामने. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीव्हर.

मी ठाण्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट खेळायचो. शनिवार-रविवार लागोपाठ बॉलिंग केली की सोमवारी शर्टाचं वरचं बटण लावताना खांद्यातून कळ यायची, म्हणून हा आकडा मला जास्तच लागतो. त्याच उन्हाळ्यात, त्याच संघात, टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा) गेला. आज ज्या ऑपरेशनला त्याचं नाव आहे, ते सप्टेंबरमध्ये त्याच्यावर झालं. मार्शल मात्र टाकतच होता. शरीराच्या हालचालींचं शास्त्र शिकलेला माणूस, पुढे त्यात डॉक्टरेटही केली.

त्याच्या खालोखाल केंट टेकुल्वे (1979) आणि सालोमोन तोरेस (2006), दोघांचे एका मोसमात 94 सामने. न्यूयॉर्क मेट्स संघाच्या पेद्रो फेलिसियानोचे 2010 साली 92, पण इनिंग्ज जेमतेम 63. डावखुरा बॅटर आला की याने यायचं, त्याला बाद करायचं, परत जाऊन बसायचं. एवढं करूनही पुढे खांदा गेलाच. यांकीज संघाने घेतला, पण त्यांच्यासाठी मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, एकही सामना खेळला नाही. 2020 पासून पिचरने किमान तीन बॅटरना पिचिंग करावं किंवा इनिंग संपवावी असा नियम आहे, त्यामुळे ती वाटही अरुंद झाली.

एक स्टार कापला तो कोपऱ्यासाठी. मागची बाजूही वैताग आहे, करड्या पुठ्ठ्यावर लाल-हिरवी छपाई, चष्म्याशिवाय वाचवत नाही.

आणि मोसमानंतरचे सामने कुठल्या कार्डावर छापणार? त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेच्या, पाचही सामन्यांत मार्शल होताच. पाचव्यात प्रेक्षकांनी मैदानात वस्तू फेकल्या, खेळ थांबला. पुन्हा सुरू होताना त्याने सरावाचे चेंडूच टाकले नाहीत. पुढच्याच चेंडूवर समोरच्या ओकलंड संघाच्या जो रूडीचा होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा). ओकलंड 3-2, मालिकाही त्यांची.

घेणार असाल तर याच सेटमध्ये जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन यंट या नामांकित खेळाडूंची रुकी (पहिल्यावहिल्या वर्षाची) कार्डं आहेत, त्यामुळे आख्खा सेट महाग पडतो. सुटा मार्शल स्वस्त. याच डिझाइनची छोटी 'मिनी' कार्डंही निघाली होती, तेव्हा माप बघून घ्या. आणि चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो आधी मागा. मी मागितले नव्हते.