सिल्डेनाफिल की टाडालाफिल? ताठरतेची गोळी निवडताना

"यातली स्ट्राँग कुठली?" केमिस्टच्या काउंटरवर या गोळ्यांबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. लालबाग-परळच्या भागात मी औषधाच्या दुकानात उभा असतो. हा प्रश्न बहुधा रात्री शटर ओढायच्या सुमारास येतो, शेजारी दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून, हळू आवाजात. काही जण नावही घेत नाहीत, नुसतं "शंभरची एक पट्टी द्या" म्हणतात. त्यांची घालमेल मला समजते, म्हणूनच सविस्तर लिहितो आहे.

स्ट्राँग कुठली, याचं खरं उत्तर असं की योग्य मात्रेत घेतल्या तर या सगळ्या गोळ्यांचा जोर जवळपास सारखाच आहे. वेगळं आहे ते त्यांचं वेळापत्रक: परिणाम कधी सुरू होतो, किती तास टिकतो आणि जेवणाशी गोळीचं कसं जमतं. म्हणून निवडताना बघायचं ते आपलं घर, आपली रात्र आणि आपली बाकीची औषधं.

गोळी काय करते ते थोडक्यात. लैंगिक उत्तेजना मिळाली की लिंगातल्या मज्जातंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं एन्झाइम ही क्रिया आटोपती घेतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. रक्ताभिसरणात नायट्रिक ऑक्साइड निरोप्याचं काम करतं हे दाखवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला, म्हणजे वियाग्राला, मान्यता मिळाली. या गोळ्यांनी इच्छा निर्माण होत नाही. गोळी घेऊन मोबाइल चाळत पडून राहिलं तर काहीच होणार नाही, आणि मग "गोळी लागू पडली नाही" असं वाटतं.

आधी हृदयाचं

तुलना करण्याआधी ही एक गोष्ट तपासायचीच. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट तुमच्या खिशात असेल, किंवा नायट्रोग्लिसरिनची गोळी, स्प्रे, कातडीवर चिकटवायची पट्टी यांपैकी काही चालू असेल, तर ताठरतेच्या चारही गोळ्या (सिल्डेनाफिल, टाडालाफिल, वार्डेनाफिल, ऍव्हानाफिल) तुमच्यासाठी बंद. छातीदुखीसाठी निकोरँडिल चालू असेल तरीही बंद. ही औषधं आणि ताठरतेची गोळी, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. यात "अर्धी घेऊन बघतो" असा मधला मार्ग नाही.

याची उलट बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. समजा तुम्हाला हृदयाचा काहीच त्रास नाही, शनिवारी गोळी घेतली आणि रविवारी छातीत दुखून कॅज्युअल्टीत नेलं. तिथे डॉक्टर नायट्रेट (सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरिन याच गटातली) देण्याचा विचार करतात. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देता येत नाही. तेव्हा लाज बाजूला ठेवून सांगावंच लागतं. म्हणून माझा आग्रह असतो की गोळीचं नाव बायकोला माहीत हवं. तुम्ही बोलायच्या स्थितीत नसाल तर तीच सांगणार आहे.

ऍन्जिओप्लास्टी झाली, स्टेंट आहे, म्हणजे दरवाजा कायमचा बंद झाला असं मात्र नाही. नायट्रेट चालू नसेल आणि हृदयरोगतज्ज्ञांनी हो म्हटलं तर अनेकांना ही गोळी घेता येते. डॉक्टर साधारण विचारतात ते असं: दोन जिने न थांबता, छातीत न दुखता, चांगल्या चालीने चढता का? दादरचा पूल गर्दीच्या वेळी चढताना छाती भरून येत असेल तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल, शेजारी शेजारी

दुकानात खपणाऱ्या गोळ्यांतल्या बहुतेक या दोनच. सिल्डेनाफिल २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये येते. सुरुवात बहुतेकांना ५०ने करतात. पासष्टीच्या पुढे असाल किंवा लिव्हर, किडनी कमजोर असेल तर २५ने. थेट शंभर मागणाऱ्यांना मी सांगतो की पन्नासने काम होत असेल तर शंभरने फक्त डोकं जास्त दुखेल. तासभर आधी घ्यायची, परिणाम चार-पाच तास राहतो, दिवसातून एकदाच.

अडचण जेवणाची आहे. तेलकट, तुपकट जेवणावर घेतली की सिल्डेनाफिल रक्तात उतरायला सुमारे तासभर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. रविवारी दुपारी मटण-वडे चेपून वर गोळी घेतली आणि काहीच झालं नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. गोळी बदलायची गरज नसते. आधी गोळी, मग हलकं जेवण, किंवा जेवण झाल्यावर दोन-तीन तासांनी गोळी, एवढं केलं तरी फरक पडतो.

टाडालाफिलला जेवणाचं सोयरसुतक नाही. १० किंवा २० मिलिग्रॅमची गोळी घेतली की परिणाम अर्ध्या ते दोन तासांत सुरू होतो आणि ३६ तासांपर्यंत राहू शकतो. शुक्रवारी रात्री घेतली तर रविवार सकाळपर्यंत. म्हणजे ३६ तास सतत ताठरता असते असं कुणी समजू नये. त्या काळात उत्तेजना आली तर शरीर साथ देतं, इतकंच.

मुंबईत या फरकाला फार वजन आहे. डोंबिवलीला राहणारा, चर्चगेटला नोकरी करणारा माणूस साडेनऊला घरी पोचतो. वन रूम किचनमध्ये आई-वडील आहेत, मुलाचा अभ्यास अकरापर्यंत चालतो. कधी एकांत मिळेल ते कुणालाच सांगता येत नाही. अशा घरात "आता गोळी घेतली, तासाभरात जमलंच पाहिजे" हा ताणच नडतो. घड्याळाकडे बघत राहिलेल्या माणसाचं शरीर आखडतं, आणि मग दोष गोळीला. अशा जोडप्याला माझ्या मते टाडालाफिल जास्त जुळते. ज्यांचं घर मोकळं आहे, वेळ ठरवता येते आणि औषध दुसऱ्या दिवसापर्यंत अंगात नको वाटतं, त्यांना सिल्डेनाफिल बरी.

टाडालाफिलचा आणखी एक प्रकार म्हणजे रोज एक, ५ मिलिग्रॅमची. चार-पाच दिवसांत तिची पातळी शरीरात स्थिर होते आणि गोळी व संबंध यांची गाठ सुटते. आठवड्यातून दोन-तीनदा किंवा जास्त संबंध येत असतील तर डॉक्टर हा मार्ग सुचवतात. पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढून रात्री लघवीला चार वेळा उठावं लागत असेल, तर हीच ५ची गोळी दोन्ही त्रासांवर चालते. पण प्रोस्टेटसाठी आधीच टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टाडालाफिल जोडू नका, उभं राहताना चक्कर येऊन पडायला होतं. प्राझोसिन बीपीसाठी असलं तरी हीच काळजी.

त्रास दोन्हींचे बरेचसे सारखे: डोकेदुखी, चेहरा गरम होणं, नाक चोंदणं, पित्त. सिल्डेनाफिलने काहींना थोडा वेळ निळसर दिसतं, कारण डोळ्यातल्या सारख्याच एका एन्झाइमला ती किंचित धक्का लावते. टाडालाफिलने कंबर आणि मांड्या दुखू शकतात, तेही दुसऱ्या दिवशी. लोक त्याचा संबंध गोळीशी लावत नाहीत, बाम चोळत बसतात. हे दुखणं बहुधा दोन दिवसांत जातं. टाडालाफिल अंगात जास्त वेळ राहते, तसा तिचा त्रासही जास्त वेळ राहतो, हा तिच्या सोयीचा मोबदला. दारू दोन्हींसोबत कमीत कमी. दारूने रक्तदाब उतरतो आणि ताठरताही.

उरलेल्या दोन थोडक्यात. वार्डेनाफिल वागायला सिल्डेनाफिलसारखीच, मात्र हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेवर अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल घेणाऱ्यांनी ती टाळायची. ऍव्हानाफिल या चौघींत नवी, अमेरिकेत २०१२ साली आली. पंधरा ते तीस मिनिटांत काम सुरू करते, हा तिचा खरा गुण. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर दोन्ही क्वचितच दिसतात.

ब्रँड, किंमत आणि चिठ्ठी

भारतात २००५पर्यंत औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे फायझरची वियाग्रा इथे विकायला येण्याआधीच भारतीय कंपन्यांची सिल्डेनाफिल बाजारात होती. आज तिचे इतके ब्रँड आहेत की नावांनीच गोंधळ होतो. पट्टीवरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक नाव वाचा: सिल्डेनाफिल की टाडालाफिल, आणि किती मिलिग्रॅम. नामांकित कंपनीची स्वस्त गोळी महागड्या गोळीइतकंच काम करते. जन औषधी केंद्रातही विचारून पाहा.

पट्टीवर दुसरं नाव डॅपोक्सेटिन असेल तर थांबा. ते शीघ्रपतनाचं औषध आहे. ज्याला फक्त ताठरतेचा त्रास आहे त्याला त्याचा उपयोग नाही, शिवाय त्याने मळमळ आणि भोवळ येऊ शकते. डिप्रेशनची औषधं घेणाऱ्यांना ते आणखी धोक्याचं. मित्राने नाव सांगितलं म्हणून "कॉम्बो" मागणारे बरेच येतात. मी त्यांना परत पाठवतो.

या गोळ्या शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी लागते. काही जण माझ्यावर चिडतात आणि लोकलच्या डब्यातल्या चिकटपट्टीवरचा नंबर फिरवतात. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या चिकटपट्ट्या हटत नाहीत. "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये सिल्डेनाफिल मिसळलेलं तपासणीत अनेकदा सापडलं आहे, इथेही आणि परदेशातही. सॉर्बिट्रेट घेणारा माणूस ती पुडी निर्धास्तपणे घेतो. मला सगळ्यात जास्त काळजी या माणसाची वाटते.

डॉक्टरांकडे जाण्याचं चिठ्ठीपेक्षा मोठं कारण आहे. लिंगातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटर. चरबी साचायला लागली की आधी बारीक वाहिनी कुरकुरते. त्यामुळे ताठरतेचा त्रास हा बऱ्याचदा हृदयविकाराच्या आधी काही वर्षं दिसतो. चाळिशीतल्या माणसाला हा त्रास सुरू झाला तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. डॉक्टरांना गरज वाटली तर सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉनही. चालू औषधांपैकी एखादं कारण असू शकतं: ऍटेनोलॉल, काही डिप्रेशनच्या गोळ्या, केसांसाठी घेतलेलं फिनास्टेराइड. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून घेऊन जा. मनाने कुठलीही बंद करू नका, बीपीची तर नाहीच. सकाळी उठताना ताठरता नीट येते पण बायकोजवळ येत नाही, असं असेल तर तेही सांगा. त्यावरून कारण शरीराचं की ताणाचं याचा अंदाज येतो, आणि तरुण मुलांना कित्येकदा समुपदेशनच पुरतं.

गोळी लागू पडली नाही तर

एका रात्रीवरून निकाल लावू नका. योग्य मात्रेत, योग्य वेळी, उत्तेजनेसह, निदान पाच-सहा वेळा घेऊन बघितल्यावरच ती चालत नाही असं म्हणता येतं. मग डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरी गोळी देतात. एक चालली नाही तरी दुसरी चालते, असं होतं. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांत आणि प्रोस्टेटची मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांत गोळ्यांचं यश कमी असतं, हे आधी माहीत असलं तर निराशा कमी होते.

ताठरता चार तासांहून जास्त टिकली, मग दुखत असो वा नसो, किंवा एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, कानाने ऐकू येईनासं झालं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

गोळ्यांपलीकडेही उपाय आहेत. व्हॅक्युम पंप आहे. त्यात औषधच पोटात जात नाही, म्हणून नायट्रेट घेणाऱ्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतो, मात्र रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगावं लागतं. लिंगात घ्यायचं इंजेक्शन आहे, ते कसं घ्यायचं हे डॉक्टर शिकवतात. शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचं इम्प्लांट आहे. हे सगळं युरॉलॉजिस्टचं काम. केईएम, नायर, सायन आणि जेजे या सरकारी-महापालिका रुग्णालयांत युरॉलॉजीची ओपीडी आहे आणि केसपेपर अगदी कमी पैशांत निघतो. खिडकीवर कारण सांगायला संकोच वाटला तर "लघवीच्या डॉक्टरांना दाखवायचंय" एवढं पुरतं. बाकीचं आत डॉक्टरांना सांगा, ते रोज हेच ऐकतात.