डिजिटल वेलबीइंग वापरून बघितलं, आमच्या घरात तरी उपयोगी पडलं

फोनवर किती वेळ जातो ते दाखवणारं आणि तो आवरायला मदत करणारं हे डिजिटल वेलबीइंग अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 2018 पासून आहे, पैसे पडत नाहीत, तरी आमच्या वयाच्या कितीतरी पोरापोरींनी ते उघडूनसुद्धा बघितलेलं नसतं. मी बेळगावच्या वडगावात घरूनच बेंगळुरूच्या कंपनीचं काम करते, दिवसभर मीटिंग आणि चॅट, लॅपटॉप मिटला की हातात फोन, मग आई म्हणते "घरात असून नसल्यासारखं करायलीस" आणि ते मनाला लागतं हो.

सगळ्यात कामाचा फोकस मोड. कुठली ॲप बंद ठेवायची ती निवडायची, वेळ लावायची. मी रात्रीच्या जेवणाला इन्स्टा, यूट्यूब, व्हॉट्सॲप, ऑफिसचं चॅट सगळं त्यात टाकलंय, तेवढ्या वेळात नोटिफिकेशन येत नाहीत. साधे फोन मात्र येतात, आणि आमच्यासारख्या घरांना तेच महत्त्वाचं, कारण कोण पुण्यात, कोण गोव्यात, खानापूरकडं गावाला आजी. तिला सांगून ठेवलंय, व्हिडिओ कॉल लागला नाही तर सरळ फोन कर. परवा जेवताना तिचाच आला, स्पीकरवर ठेवला, भात लावायला बायका मिळेनात म्हणून बाबांशी बोलत बसली आणि जुन्या पावसाच्या गोष्टी निघाल्या, हात वाळले तरी दादासुद्धा ताटावरनं उठला नाही.

ॲप टायमर, म्हणजे एकेका ॲपला दिवसाची वेळ ठरवून देणं, ठीक आहे. वेळ संपला की आयकॉन राखाडी होतो, पण तो टायमर आपणच काढू शकतो, म्हणजे मनात असेल तरच. बेडटाइम मोडमध्ये स्क्रीन ब्लॅक अँड व्हाइट होते, रील बघायची मजाच जाते, झोप लवकर येते.

आता थोडा वेळ एकटं राहण्याबद्दल. आमच्याकडं आजूबाजूला विणकरांचे माग चालू असतात, घरात माणसं, शांतता अशी नाहीच, म्हणून सकाळी टिळकवाडीत वॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जाते, फोन गप्प ठेवणारं डू नॉट डिस्टर्ब लावून, कानात काही नाही. त्यात एकाच माणसाचा 15 मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर रिंग वाजू द्यायची सोय आहे ती नक्की ऑन करा, घरी काही झालं तर कळणार म्हटल्यावर जीव टांगणीला लागत नाही, नाहीतर फोन बंद ठेवून अर्धं लक्ष खिशातच असतं.

पण संध्याकाळी गच्चीवर जरा एकटी बसले की "काय झालं, कुणी काय बोललं काय" सुरू होतं, त्याला कुठलं सेटिंग नाही. आईला बसवून सांगावं लागलं की रुसले नाहीये, दिवसभर माणसांशीच बोलत असते, थोडा वेळ गप्प बसायचंय. तिला पटलं, बाबांना अजून नाही.

5 पैकी 4 स्टार. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर फोकस मोडची एकच वेळ लावा, एकट्याने लावून जेवणाच्या वेळेला काही फरक पडत नाही.