१६ फुटी रो-हाउस: जिना कडेला की मधोमध?

रो-हाउसचा नकाशा हातात आला की पहिला प्रश्न निघतो तो बेडरूम किती निघतात याचा. माझ्या मते पहिला प्रश्न जिन्याचा असायला हवा. ओटा पुढेमागे सरकवता येतो, पार्टिशन काढता येतं, पण जिना एकदा स्लॅबमध्ये बसला की कायमचा बसला. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असलेल्या घरात उजेड फक्त पुढून आणि मागून येतो, आणि तो आत कुठवर पोचणार हेही जिनाच ठरवतो.

गेल्या वर्षी नाशिकला भावाच्या प्लॉटसाठी आम्ही दोन नकाशे समोरासमोर ठेवून बसलो होतो. प्लॉट १६ बाय ५० फुटांचा. पुढे ११ आणि मागे ५ फूट मोकळे सोडले की बांधकामाला ३४ फूट लांबी उरते. नऊ इंची भिंती वजा केल्या की आतली जागा साडेचौदा फूट रुंद आणि साडेबत्तीस फूट लांब. राहणार भाऊ-वहिनी, दोन मुलं आणि आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिची खोली तळमजल्यावरच हवी. तुमचा प्लॉट थोडा लहान-मोठा असेल, पण पेच हाच असेल.

आधी जिन्याचा हिशोब. मजल्याची उंची १० फूट धरली आणि एका पायरीची उंची साधारण ७ इंच ठेवली, तर १७ चढ लागतात. पाय ठेवायला १० इंच दिले, तर सरळ जिन्याला १३ फूट ४ इंच लांबी लागते. तीन फूट रुंदीने तो ४० चौरस फुटांत मावतो. मधे लँडिंग घेऊन उलट फिरणारा डॉग-लेग जिना ९ फूट ८ इंच बाय साडेसहा फूट, म्हणजे सुमारे ६३ चौरस फूट घेतो. कागदावर सरळ जिना २३ चौरस फूट वाचवतो, आणि बहुतेक लोक इथेच निर्णय घेऊन मोकळे होतात.

पहिला नकाशा त्याच जिन्याचा होता. कडेच्या भिंतीला लागून सरळ जिना, पुढे १२ फुटांचा हॉल, मधे साडेनऊ फुटांची खोली, मागे स्वयंपाकघर आणि बाथरूम. तळमजल्यावर तीन खोल्या निघतात, हॉल मोठा दिसतो, आणि आईची खोली हॉलपासूनही जवळ, स्वयंपाकघरापासूनही जवळ.

हे घर मला ओळखीचं वाटलं, कारण सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि परस अशीच आपल्या जुन्या घरांची रांग असायची. माजघर अंधारं असायचं आणि स्वयंपाकघरात जायची वाट त्यातूनच असायची. या नकाशातही तसंच होतं. मधल्या खोलीची रुंदी जिना आणि त्याची भिंत वजा जाता ११ फूट उरते. मागे जायला वेगळा तीन फुटी पॅसेज काढला तर खोली पावणेआठ फुटांची होते. पॅसेज नाही काढला, तर रात्री पाणी प्यायला उठलेलं प्रत्येक माणूस आईच्या पलंगाशेजारून जाणार. आणि दोन्हीपैकी काहीही केलं तरी खोलीला खिडकी नाही. राहत्या खोलीची खिडकी बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडली पाहिजे, आणि राष्ट्रीय इमारत संहितेत तिचं माप हवामानाप्रमाणे खोलीच्या क्षेत्रफळाच्या बाराव्या ते सहाव्या हिश्शाइतकं दिलेलं आहे. मधल्या खोलीला हे जमवायचं तर हवा-उजेडासाठी वरपर्यंत उघडा डक्ट सोडावा लागतो, म्हणजे वाचलेली जागा तिथेच गेली.

आमचं लहानपण अशाच एका घरात गेलं. मधली खोली आजीची होती. भर दुपारी तिथे ट्यूब लावावी लागे. गहू निवडायचे असले की आजी सूप आणि पाट घेऊन पुढच्या पोर्चमध्ये येऊन बसायची, आणि ऊन तिथे आलं की परत आत जायची. तेव्हा आम्हाला वाटायचं, तिला रस्त्यावरची ये-जा बघायला आवडते. म्हणून हा नकाशा मी नुसता नकाशा म्हणून बघू शकत नाही.

दुसऱ्या नकाशात डॉग-लेग जिना घराच्या मधोमध आडवा घातला होता. साडेचौदा फुटांपैकी ९ फूट ८ इंच जिन्याला, उरलेले ४ फूट १० इंच पॅसेजला. त्याच्यापुढे १२ फूट खोल हॉल, मागे सव्वातेरा फुटांचा पट्टा. त्या पट्ट्यात पॅसेजच्या रेषेत चार फुटांची जागा काढून आधी बेसिन, मग चार बाय आठचं बाथरूम, आणि बाथरूमची खिडकी मागे सोडलेल्या मोकळ्या जागेत. बाजूला दहा बाय सव्वातेरा फुटांचं स्वयंपाकघर. म्हणजे जिथे उजेड येतच नाही, तिथे कोणी बसत-झोपत नाही. तिथून फक्त जा-ये होते. आणि गच्चीवर जिन्याच्या टॉवरला वरच्या बाजूला खिडक्या ठेवल्या, की घरातली तापलेली हवा तिथून बाहेर पडते आणि थोडा उजेड खाली उतरतो. वाड्यातला चौक हेच काम करायचा. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९६१-६२ साली अहमदाबादसाठी आखलेलं अरुंद, लांब ‘ट्यूब हाउस’ही याच तत्त्वावर होतं: गरम हवा उतरत्या छताच्या आतून वर सरकून टोकाच्या झडपेतून बाहेर जायची. घराची रुंदी होती फक्त १२ फूट.

आता त्या २३ चौरस फुटांकडे परत येऊ. सरळ जिना पहिल्या मजल्यावर जिथे संपतो, तिथून गच्चीकडे जाणारा जिना सुरू होत नाही. तो खालच्या जिन्याच्या बरोबर वर घ्यायचा तर पुन्हा १३ फूट मागे चालत यावं लागतं, आणि त्यासाठी वर तेवढाच लांब पॅसेज सोडावा लागतो. तीन फूट रुंदीचा धरला तरी ४० चौरस फूट गेले. डॉग-लेगमध्ये माणूस जिथून चढतो, त्याच्याच वर येऊन पोचतो. त्यामुळे वर पुढची आणि मागची अशा दोन्ही खोल्या सुटसुटीत निघतात, आणि बाथरूमवर बाथरूम येऊन पाइप सरळ उतरतात.

मधल्या जिन्याचे तोटेही आहेत, आणि ते राहायला गेल्यावरच कळतात. फोडणीचा खाट सरळ वरच्या मजल्यावर जातो. खालचा टीव्ही वर अभ्यासाला बसलेल्या मुलांना ऐकू येतो. तीन फुटी डॉग-लेगमधून लोखंडी कपाट वळत नाही. ते दोर बांधून बाल्कनीतून चढवावं लागतं. सरळ जिन्यात ही अडचण नसते. लँडिंगखाली स्लॅबची जाडी वजा जाता जेमतेम पाच फूट उंची राहते. तिथे संडास बसवून देतो असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. इन्व्हर्टर, पंप, दिवाळीचं सामान यांच्यासाठी ती जागा उत्तम. आणि टॉवरवर आडवी काच घालू नका. उन्हाळ्यात तापते, पावसात गळते. उभ्या खिडक्या, शक्यतो उत्तरेकडे.

राहिला आईच्या खोलीचा प्रश्न, कारण या नकाशात ती तळमजल्यावर कुठेच नव्हती. आम्ही दोन रात्री यावर घालवल्या. मागचा पट्टा उभा कापून आठ फुटांची खोली आणि सहा फुटांचं स्वयंपाकघर करून पाहिलं. नियमात जेमतेम बसलं, पण बाथरूमला जागाच उरेना. मग वहिनी म्हणाली, मागची मोठी खोली आईंना द्या, स्वयंपाकघर पुढे आणा.

तसं केलं. पुढच्या १२ फुटांत सहा फूट रुंदीचं स्वयंपाकघर आणि आठ फूट रुंदीचा हॉल. आठ फुटांत एका भिंतीला सोफा, समोर टीव्ही, मधून जायची वाट, बस. दहा पाहुणे एकदम आले तर निम्मे पोर्चमध्ये बसतील. धुण्याची जागा मागे आणि ओटा पुढे, त्यामुळे भांड्यांसाठी ओट्याजवळच वेगळं सिंक काढावं लागलं. आल्या-आल्या स्वयंपाकघर दिसतं हे काहींना रुचत नाही. वास्तूचा आग्रह असेल तर तो इथे आडवा येऊ शकतो. दोन बाजू बंद असलेल्या घरात पर्याय थोडेच असतात, म्हणून आर्किटेक्टला तो पहिल्याच बैठकीत सांगावा.

तरीही मी हाच नकाशा निवडायला सांगेन. दिवसभर घरात कोण असतं, ते एकदा मोजून पाहा. आमच्याकडे आई-बाबा चोवीस तास, आणि ओट्याशी जो कोणी उभा असेल तो चार-पाच तास. हॉलमध्ये माणसं जमतात ती बहुतेक संध्याकाळी, दिवे लागल्यावर. उजेडाच्या दोन टोकांपैकी एक अख्खं टोक पाहुण्यांसाठी राखून ठेवायला मला कारण दिसत नाही.

घरात जिना न चढू शकणारं कोणी नसेल तर आणखी सोपं: दुसरा नकाशा जसाच्या तसा घ्या, मोठा हॉल, मागे मोठं स्वयंपाकघर. पहिला नकाशा मी एकाच परिस्थितीत घेईन: मधे झोपायची खोली न काढता तिथे जेवायची जागा आणि देवघर करणार असाल, आणि वर एकच मजला, गच्चीवर जायला मागून लोखंडी जिना. मग सरळ जिन्याची बचत खरोखर हातात राहते.

मंजुरीला देण्याआधी प्लॉटवर फक्की मारून भिंती आखून घ्या आणि त्या रेषांमधून चालून बघा. आम्ही आखलं तेव्हा आई मागच्या खोलीत खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, खिडकी अजून एक फूट खाली घ्या, बसल्यावर बाहेरचं दिसलं पाहिजे. खिडकीची कड जमिनीपासून दोन फुटांवर आली, आतून ग्रिल लावायचं ठरलं.