जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, पावसाळ्याआधी टाकलेलं, आता दिवाळीनंतर लिहितोय

लॅपटॉप तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, मुलुंडला आईबाबा वापरतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेल असेल तर आठवी जनरेशन लागते, म्हणजे आपला पत्ता कट. म्हणून मिंट २२ ची एक्सएफसीई एडिशन, म्हणजे जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती, टाकली.

आधी एक सांगतो, आता मशीन पळतंय त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान स्टोरेजचं. लॅमिंग्टन रोडवरून २५६ जीबीची साटा एसएसडी आणली, जुनी हार्ड डिस्क काढून बसवली. हार्ड डिस्क तीच ठेवून नुसतं लिनक्स टाकलं आणि रॉकेट झालं म्हणणारे भेटतात, मला काय पटत नाही.

इन्स्टॉल करणं सोपंय. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून आवाज, टचपॅड, वायफाय सगळं बघून घ्या, त्यात डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. आमचं वायफाय दिसेचना, मग मोबाइल केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला) चालू केलं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, झालं.

खरी परीक्षा मराठी टायपिंगची. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, नोटिसा सगळ्या मराठीत. इनस्क्रिप्ट (मराठीचा सरकारी कीबोर्ड) येत असेल तर कीबोर्ड सेटिंगमधे मराठी लेआउट निवडायचा की सुरू, पण बाबांना इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची सवय, त्यांना आयबस हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात एम-सतरा-एन हा भाषांचा जोड टाकून दिलं. लिबरऑफिसमधे (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) वर फॉन्टचा साइज बदलला तरी कधीकधी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही, कारण देवनागरीचा फॉन्ट तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट'मधे वेगळा सेट होतो, हे आधी कोणी सांगत नाही. आणि जुन्या नोटिसा मंगल फॉन्टमधल्या, तो इथे नसतो, त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात आणि 'आपला विश्वासू' एकटाच दुसऱ्या पानावर.

यूट्यूब अडकत होतं. ते व्हिडिओ व्हीपी-नाइन फॉरमॅटमधे पाठवतं आणि या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप व्हीपी-नाइन उलगडू शकत नाही, जुन्या एच-२६४ फॉरमॅटवाले उलगडते, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. फायरफॉक्समधे एच-२६४ ची सक्ती करणारं एक्स्टेंशन टाकल्यापासून आईचे कीर्तनाचे व्हिडिओ ७२० ला निवांत चालतात. टॅब मात्र जास्त उघडायचे नाहीत, ४ जीबी ते ४ जीबीच.

प्रिंटरने डोकं फिरवलं, कंपनीचं नाव घेत नाही, लिनक्सचा ड्रायव्हर आहे म्हणायला पण निम्म्या वेळा नुसताच कागद बाहेर येतो, सध्या पीडीएफ करून खालच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो.

टॅली वापरत असाल तर राहू दे, ती विंडोजचीच आहे. डीएससी टोकनवाल्यांनी (डिजिटल सहीचा पेन ड्राइव्हसारखा डोंगल) आपल्या टोकनचं लिनक्स सॉफ्टवेअर मिळतंय का ते बघूनच हात घाला. बाकी मेल, ई-पेपर, हिशोबाच्या शीट असं काम असेल तर बिनधास्त टाका, मिंट २२ ला अपडेट २०२९ पर्यंत आहेत. बॅटरी आमची आधीच गेलीय, चार्जर लावूनच चालतो, त्याला लिनक्स तरी काय करणार.