जुन्या पिकअपला ऑइल प्रेशरचा काटा लावून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, हा मीटर मी हौसेनं घेतला नाही. गाडी 2008 ची डिझेल पिकअप, चार लाख किलोमीटरच्या पुढे पळालेली. निफाडहून हंगामाप्रमाणे द्राक्षं, टोमॅटो, कांदा वाशीला न्यायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. गेल्या दिवाळीच्या सुमारास असाच परत येताना कसारा घाट चढून वर आलो, घोटीच्या टोलनाक्यावर रांगेत थांबलो आणि ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला. जरा रेस केली की विझायचा, पाय काढला की परत. बाजूला घेऊन ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) काढली, तर ऑइल भरपूर, वरच्या खुणेच्याही थोडं वरच. मला तेव्हा याचा आनंद झाला होता. तो किती फसवा होता ते पुढे येईलच.

पहिल्या मिस्त्रीनं दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, बेअरिंग गेले. इंजिन खोलावं लागेल, सत्तर हजार धरून चाल." दुसऱ्यानं ऑइलचा स्विच बदलला, चारशे रुपयांत काम. दिवा गेला! पंधरा दिवस मी खूश. मग लक्षात आलं की हा स्विच म्हणजे आत एक पडदा आणि स्प्रिंग. प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या (बार हे प्रेशरचं माप) खाली गेलं की दिवा लावायचा, एवढंच त्याला कळतं. जुना 0.5 ला लावत असेल आणि नवा 0.3 ला, तर दिवा जाईल, दुखणं तिथंच राहील.

म्हणून सव्वाअकराशेचा मेकॅनिकल मीटर मागवला, 0 ते 7 बारचा. वायरवाला नाही, इंजिनातलं ऑइलच बारीक नळीनं काट्यापर्यंत येतं, त्यामुळे मधे सेन्सर खोटं बोलायचा प्रश्न नाही. सोबत तीन अडॅप्टर आले, तिन्हींचा आटा माझ्या ब्लॉकला बसेना. पिंपळगावच्या लेथवाल्याकडून पितळी टी (तीन तोंडांचा जोड) करून घेतला. एका तोंडाला जुना स्विच तसाच, दुसऱ्याला मीटरची नळी. स्विच काढून टाकू नका, काट्याकडे सतत कोण बघणार? इथं मी एक घोळ घातला. गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळली, आणि चावी लावली तरी दिवा पेटेना. एका वायरच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, ते टेपनं तोडलं होतं. टेप काढून पातळ सीलंट लावल्यावर दिवा आला.

आता आकडे. सकाळी थंड इंजिन: साडेचार बार. बघून वाटलं, मिस्त्री खोटा. पण थंड ऑइल जाड असतं, तो आकडा काही सांगत नाही. खरी परीक्षा तासभर लोड ओढून झाल्यावर. गरम इंजिन, जागेवर स्लो: 0.4. गाडीला आरपीएम मीटर नाही, म्हणून चौथ्या गिअरला 50 चा वेग हे माझं माप, तिथं 1.9. आणि मुख्य म्हणजे वेग धरून ठेवला तरी काटा तिथंच स्थिर. चेंबरमधली (इंजिनाखाली ऑइल साठतं तिथली) जाळी तुंबली असती तर उलटं दिसलं असतं: स्लोला बरं आणि जास्त रेसला काटा खाली, कारण पंपाला हवं तेवढं ऑइल ओढताच येत नाही. जास्तीचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असता तर सकाळी थंड असतानाही साडेचार दिसलं नसतं. राहिल्या मुख्य दोन गोष्टी: झिजलेले बेअरिंग (फट वाढली की ऑइल निसटतं आणि प्रेशर पडतं), नाहीतर पातळ झालेलं ऑइल.

तेव्हा ती पट्टी आठवली. चार लाख पळालेल्या इंजिनात ऑइल वाढतं कसं? पट्टी नाकाशी धरली, डिझेलचा वास. वर्तमानपत्रावर थेंब टाकला, मधे काळा ठिपका आणि भोवती फिकट तेलकट कडं पसरतच गेलं. माझ्या इंजिनाला ब्लॉकवर बसणारा डायफ्रामचा, म्हणजे पडद्याचा फीड पंप आहे, टाकीतलं डिझेल ओढणारा (सगळ्या गाड्यांना नसतो). त्याचा पडदा फाटला होता आणि डिझेल गुपचूप चेंबरमध्ये उतरत होतं. पंप बदलला, ऑइल आणि फिल्टर बदलला, तेच आपलं 15डब्ल्यू40 जाडीचं. गरम स्लोला 0.9. सत्तर हजारांचं काम साडेपाच हजारांत निभावलं.

"जाड ऑइल टाक, 20डब्ल्यू50," असंही दोघांनी सुचवलं होतं. काटा थोडा वर दिसला असता, पण डिझेल मिसळतच राहिलं असतं. शिवाय निफाडची थंडी पेपरात येते ती काय उगाच? जानेवारीत पहाटे चार वाजता जाड ऑइल इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) पोचेस्तोवर खडखड ऐकत बसायचं.

मीटरमध्ये खोटही आहे. सोबत आलेली नायलॉनची नळी फेब्रुवारीत सायलेन्सरच्या पाइपाजवळ मऊ पडली, आणि एक दिवस क्लच दाबताना चपलेवर गरम थेंब पडला. खाली बघितलं तर काळं ऑइल पायापर्यंत ओघळलेलं. नशीब, घरच्या रस्त्यावरच होतो. आता तांब्याची नळी आहे, थरथरीनं तुटू नये म्हणून इंजिनजवळ दोन वेढे दिलेत आणि पत्र्यातून जाते तिथं रबरी बूच. हे पहिल्याच दिवशी करा. डायलचा दिवा इतका मंद की रात्री मोबाइल धरून बघावं लागतं. आणि पहिला महिना रस्त्यापेक्षा काट्याकडेच जास्त लक्ष जातं, त्याला इलाज नाही.

घ्यावा का? गाडी नवी असेल तर पैसे वाया. दोन लाख किलोमीटरच्या पुढे असेल आणि मिस्त्री इंजिन खोलायच्या गोष्टी करत असेल, तर आधी हा लावा. कायमचा नको असेल तर नळीसकट एक दिवस उसना आणून तरी आकडा घ्या.

सध्या डॅशबोर्डच्या खणात वही आहे, आठवड्याला एक आकडा. एप्रिलच्या उन्हात 0.7 पर्यंत गेला होता, पावसाळ्यात 0.8 वर आहे. म्हणजे बेअरिंगची झीज आहेच, मिस्त्री अगदीच चुकीचा नव्हता. 0.5 दिसला की चेंबर उतरवून बघायचं ठरलंय, शक्यतो टोमॅटोचा हंगाम उरकल्यावर. परवा धाकटा भाऊ गाडी घेऊन गेला होता. रात्री एक वाजता फोन: "दादा, काटा पाऊणवर आलाय, थांबू का?" म्हटलं, ये घरी, वहीत लिही आणि झोप.