अनुदानाच्या फॉगरला भुलू नका, माझे ५०,७०० गेले

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी खोदून विचारायला नको. बुकिंगचे १५,०००, माल उतरल्यावर ३२,५०० आणि 'अनुदानाच्या फाइलचे' ३,२००. एकूण ५०,७०० रुपये. बदल्यात मिळाले म्हशींच्या डोक्यावर ठिबकणारे नोझल.

आम्ही माणदेशातले. एप्रिलमध्ये पारा ४२ वर जातो आणि पत्र्याचा गोठा दुपारी भट्टी होतो. म्हैस काळी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, त्यात डुंबायला तळं कोरडं. धाप लागते, वैरण सुटते, दूध तुटतं. वेळेला सहा लिटर देणारी मुऱ्हा चारवर आली होती. त्या दिवसांत गोठा गार करायला पाण्याचं धुकं उडवणारा फॉगर घ्या, '५० टक्के अनुदान थेट खात्यात' म्हणत एकजण दारात आला. कागदांवर शिक्के होते, गावातल्या दोघांनी आधीच बुकिंग केलं होतं. तुम्ही असता तर काय केलं असतं, सांगा.

पण ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. चालवून दाखवायला गडी आला तो दिवस मावळल्यावर. दुपारी ये म्हटलं तर "मालक, दुपारी दुसरी साइट असते." अंधार पडल्यावर कुठली म्हैस धापा टाकणार? फॉगरचं पाणी धुक्यासारखं हवेतच विरलं पाहिजे. इथं टपटप गव्हाणीत पडत होतं, सरकी पेंड भिजली. विचारलं तर म्हणे, पंपाला प्रेशर धरायला दोन दिवस लागतात. विहिरीवर मोटर असलेल्या माणसाला हे ऐकवलं, आणि मी मान डोलावली! पैसे गेले कुणा बाईच्या नावावर, "मॅडम हिशोब बघतात." बिल साध्या पॅडवर, जीएसटी नंबर नाही. बिलावर नंबर नसेल तर एक रुपया सोडू नका.

वर सल्ला काय, तर गारवा बाहेर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी नेट बांधा. बांधली. दुसऱ्या दुपारी आत नुसती दमट वाफ, वारा बंद, म्हशी तोंड उघडून उभ्या. बोअरच्या क्षारानं नोझल चोंदले ते वेगळंच. त्याचा फोन तोवर बंद.

ठाण्यात गेलो. "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." माल म्हणजे प्लास्टिकच्या नळ्या! लेखी अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. तालुक्याच्या कार्यालयात फाइल दाखवली, तर हा अर्ज क्रमांक आमच्याकडचा नाहीच, एजंटाशी आमचा संबंध नाही, असं म्हणून मोकळे. शिक्का खोटा आहे एवढं तरी लिहून द्या म्हटलं, तर ते वरिष्ठ ठरवतील. वरिष्ठ मीटिंगमध्ये. अशी माणसं गावोगाव फिरतात हे त्यांना माहीत होतं, शिपाईच बोलून गेला. मग एक सूचना फलकावर लावायला हात दुखत होते का?

सरकारी अनुदान मंजुरीनंतर आपल्याच खात्यात येतं, त्यासाठी एजंटाला फाइलचे पैसे द्यायचे नसतात. ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच, त्याच तासाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी आधी त्याच्याच फोनची वाट बघत बसलो.

आणि म्हशीचं म्हणाल तर तिच्या कातडीवर पाणी पडलं पाहिजे आणि त्यावर वारा लागला पाहिजे. मी नेट सोडली, पत्र्यावर पाचट टाकलं, वरून चुना मारला, उन्हाच्या बाजूला ओली बारदानं. दुपारी पाइपनं अंग धुतो, वर पंखा. पेंड पहाटे आणि रात्री, पिण्याचं पाणी सावलीत. यातलं बरंच आई आधीपासून सांगत होती, आता ती काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. अंगात कस राहिला तर माज तरी दिसेल, नाहीतर उन्हाळ्यात मुका माज, म्हणजे बाहेरून न दिसणारा, हातचा जातो आणि पुढचं वेत लांबतं.

त्याचा नंबर अजून लागत नाही. पण त्यानं दाखवलेला फॉगरचा तोच व्हिडिओ परवा आमच्या दूध डेअरीच्या ग्रुपवर आला. कंपनीचं नाव नवीन, अनुदान आता ७० टक्के.